सोजा आणि वॉशिंग्टनच्या परिसरातला रेगे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेगे हे मूळचं जमैकाचं संगीत. अमेरिकी रेगे म्हटलं की कॅलिफोर्नियाचा समुद्रकिनारा डोळ्यांपुढे येतो. सोजा मात्र पूर्वेकडचा बँड, आणि त्याच्या गावाला समुद्र नाही. त्याच्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. शेवटी त्याच्या धाटणीचं गाणं बसवणाऱ्यांसाठी जरा तपशिलात लिहिलं आहे.

सोजा हा बँड नेमका कुठला? कधी सुरू झाला?

व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टनचा. 1997 साली शाळकरी मुलांनी तो उभा केला. गायक-गिटारवादक जेकब हेम्पहिल आणि बासवादक बॉबी ली यांची दोस्ती पहिलीच्या वर्गापासूनची. जेकबचे वडील आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत होते, त्यामुळे त्याच्या लहानपणाचा काही काळ लायबेरियात गेला. तिथून परतल्यावर ही जोडी जमली. ड्रमवर रायन बर्टी, तालवाद्यांवर केन ब्राउनेल आणि कीबोर्डवर पॅट्रिक ओशे आले आणि पाच जणांचा मूळ संच पूर्ण झाला. सॅक्सोफोनवर हेलमन एस्कोर्सिया, ट्रम्पेटवर राफाएल रोद्रिगेस आणि लीड गिटारवर ट्रेव्हर यंग हे नंतर आले आणि बँड आठ जणांचा झाला.

नावाचा अर्थ काय?

पूर्ण नाव 'सोल्जर्स ऑफ जाह आर्मी', त्याची आद्याक्षरं म्हणजे सोजा. जमैकात उगम पावलेल्या रास्ताफारी पंथात देवाला 'जाह' म्हणतात. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांवर पूर्ण नाव आहे, त्यामुळे जुनं काही शोधायचं असेल तर दोन्ही नावांनी शोधा.

आर्लिंग्टनसारख्या सरकारी नोकरदारांच्या गावात रेगे आला कुठून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि सोजाचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

आर्लिंग्टन हे पोटोमॅक नदीच्या अलीकडे, राजधानी वॉशिंग्टन पलीकडे. दोन्ही गावं पुलांनी आणि मेट्रोने जोडलेली आहेत. वॉशिंग्टन आणि आसपासच्या उपनगरांत इथिओपियातून आलेल्या लोकांची अमेरिकेतली सर्वांत मोठ्यांपैकी एक वस्ती आहे. रास्ताफारींसाठी इथिओपिया ही पवित्र भूमी आणि सम्राट हाइले सेलासी हा पूजनीय. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कॅरिबियन बेटांवरून विद्यार्थी येत राहिले, त्यांच्यासोबत रेकॉर्डही येत राहिल्या.

पण नुसते ऐकणारे असून भागत नाही. रेकॉर्ड काढणाराही लागतो आणि मिक्स करणाराही. 1979 साली गॅरी हिमेलफार्ब, म्हणजे 'डॉक्टर ड्रेड', याने वॉशिंग्टनमध्ये रास रेकॉर्ड्स सुरू केली. जमैकाबाहेर रेगे छापणाऱ्या महत्त्वाच्या कंपन्यांत तिची गणना होते. ब्लॅक उहुरूचा 1986 सालचा 'ब्रूटल' तिचा, इझ्रायल व्हायब्रेशनचं 1988 सालचं पुनरागमनही तिचंच. या कंपनीचं बरंच काम जिम फॉक्सच्या लायन अँड फॉक्स स्टुडिओत होई. जमैकाचे नामवंत गायक जिथे टेप तपासायला बसत, तिथेच पुढे सोजाची पोरं आपली पहिली गाणी घेऊन गेली. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांना असा स्टुडिओ लाभला नाही.

त्यात बॅड ब्रेन्सची भर. वॉशिंग्टन भागातल्या या कृष्णवर्णीय संगीतकारांनी आधी जाझ-फ्यूजन वाजवलं, मग हार्डकोर पंक या वेगवान, आक्रमक रॉकचा पाया घातला आणि त्याच मैफलीत रेगेही वाजवला. 1982 साली रोअर कंपनीने काढलेल्या त्यांच्या पिवळ्या कॅसेटवर दीड मिनिटाच्या वादळी गाण्यांना खेटून संथ रेगे येतो. गिटार घेतलेल्या स्थानिक मुलाला त्यातून कळलं की हे संगीत आपल्याच गावात बनतं.

चौथी गोष्ट गो-गो. चक ब्राउनने 1970च्या दशकात रुजवलेलं हे वॉशिंग्टनचं स्वतःचं नाचगाणं. यात गाणं संपलं तरी काँगा, काउबेल आणि ड्रम थांबत नाहीत, पुढचं गाणं त्याच तालावर चढतं. 2020 साली गो-गोला शहराचं अधिकृत संगीत म्हणून मान्यता मिळाली. सोजाच्या मैफलीत तालवाद्यवाला एवढा पुढे का, याचं उत्तर जमैकात कमी आणि इथे जास्त सापडतं. त्यांच्या 'बॉर्न इन बॅबिलोन' या अल्बमवर गो-गो बँड मॅम्बो सॉसचा ब्लॅक बू पाहुणा आहे, ते उगाच नाही.

त्यांच्या गाण्यांत युद्ध आणि सरकारविषयी एवढं का असतं?

पेंटागॉन, म्हणजे अमेरिकी सैन्याचं मुख्यालय, आर्लिंग्टनमध्ये आहे. सैनिकांचं राष्ट्रीय दफनस्थानही तिथेच. 11 सप्टेंबर 2001ला सकाळी 9 वाजून 37 मिनिटांनी अपहृत विमान पेंटागॉनवर आदळलं. विमानातले आणि इमारतीतले मिळून 184 निरपराध लोक मेले. सोजाचा पहिला पूर्ण अल्बम 2002 साली आला, नाव 'पीस इन अ टाइम ऑफ वॉर'. युद्धकाळातल्या शांततेवर तेव्हा गाणं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नोकरीवर गाणं होतं. रेगेत 'बॅबिलोन' म्हणजे जुलमी सत्ता. जमैकाच्या राजधानीतल्या, किंग्स्टनच्या गायकाला ती दूर कुठेतरी दिसते. या मुलांच्या घरासमोरून तिची बस जात होती, आणि म्हणूनच पुढच्या एका अल्बमचं नाव 'बॉर्न इन बॅबिलोन', म्हणजे 'बॅबिलोनमध्ये जन्मलेले', असं पडलं.

सुरुवातीचे अल्बम इतके जुन्या जमैकन रेकॉर्डसारखे का वाजतात?

जिम फॉक्समुळे. 2002चा पहिला अल्बम आणि 2006चा 'गेट वायझर' दोन्ही लायन अँड फॉक्समध्ये झाले. पहिल्याच अल्बमची डब आवृत्ती 'डब इन अ टाइम ऑफ वॉर' 2005 साली निघाली. तीही तिथलीच.

डब म्हणजे रीमिक्स नव्हे, निदान आज त्या शब्दाने जे समजतो ते नव्हे. वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रित केलेलं गाणं चालू ठेवायचं आणि ध्वनियंत्रज्ञाने मिक्सरवर बसून एकेक वाद्य काढायचं, परत आणायचं. शेवटी बहुतेक वेळ ड्रम आणि बासच उरतात. गायकाचा एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडायचा आणि लगेच त्याचा ट्रॅक बंद करायचा. सगळं एका दमात, हाताने. चुकलं तर पहिल्यापासून.

घरी संगणकावर करून पाहणाऱ्यांची गाडी दोन जागी अडते. पहिली जागा प्रतिध्वनीचा काळ. 60000ला गाण्याच्या वेगाने (मिनिटाला किती मात्रा) भागा, म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. 144च्या वेगाला एक मात्रा 417 मिलिसेकंद आणि दीड मात्रा 625. दीड मात्रेचा प्रतिध्वनी गिटारच्या ठोक्यांवर न पडता मधल्या जागेत पडतो, म्हणून तो डबमध्ये जास्त चालतो. दुसरी जागा फीडबॅकचं बटण. ते फार पुढे नेलं की प्रत्येक फेरीला आवाज कमी होण्याऐवजी वाढतो आणि स्पीकर किंचाळतात. क्षणभर तसं करणं हीच मजा आहे, पण बोट बटणावरच हवं. आणखी एक : प्रतिध्वनीच्या परतीच्या चॅनलवर 250 हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, नाहीतर बासच्या जागी चिखल होतो.

मोठ्या कंपनीशिवाय ते इतकी वर्षं टिकले कसे?

दौरे करून. अमेरिकेत रेडिओवर रेगे जवळपास वाजतच नाही. तेव्हा व्हॅन, मागे वाद्यांचा ट्रेलर आणि एकाच गावी पुन्हा पुन्हा जाणं, एवढाच रस्ता उरतो. सोजाने पहिली जवळजवळ पंधरा वर्षं तोच धरला. पंकवाल्यांनी हा मार्ग आधीच आखून दिला होता. रेगे बँडांनी तो उचलला, एवढंच.

क्लबशी व्यवहार कसा होतो हेही खूप जण विचारतात. बहुतेक ठिकाणी 'हमी किंवा वाटा, जे जास्त असेल ते' असा करार असतो. उदाहरणच घ्यायचं तर 15 डॉलरची 300 तिकिटं गेली, म्हणजे 4500 डॉलर. ध्वनी, जाहिरात, पहारा वगैरे ठरलेला खर्च 1500. उरले 3000. वाटा 85 टक्के असेल तर बँडला 2550. हमी 1000 असेल तर ती बाजूला पडते. आता तिकिटं 120च गेली तर जमा 1800, खर्च वजा जाता 300, त्याचे 85 टक्के 255. अशा रात्री हमीचे 1000 बँडला तारतात. आठ वाजवणारे, ध्वनीवाला, चालक, डिझेल आणि खोल्या यांचा हिशेब त्यातच बसवायचा. म्हणून टी-शर्टचं टेबल हा विनोदाचा विषय नाही. पुष्कळ छोट्या बँडांची पुढच्या गावापर्यंतची गाडी त्या टेबलावरच चालते.

2012 साली आलेला 'स्ट्रेंग्थ टू सर्व्हाइव्ह' एटीओ रेकॉर्ड्सने काढला. या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक डेव्ह मॅथ्यूज, तोही व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलमधूनच पुढे आलेला. सोजाने त्याच्या बँडसोबत दौरेही केले. अल्बमचा निर्माता जॉन अलाजिया रॉक-पॉपमधला. अल्बम बिलबोर्डच्या रेगे यादीत पहिला आला. जुने चाहते इथूनच कुरकुरायला लागले.

नवीन ऐकणाऱ्याने कुठल्या अल्बमपासून सुरुवात करावी?

'गेट वायझर', 2006. गाणी ताठ आहेत, बास पुढे आहे आणि जिम फॉक्सचं मिक्सिंग कुठे घाई करत नाही. त्यानंतर 2009चा 'बॉर्न इन बॅबिलोन'. तो लांबलचक आहे, त्यात हिप-हॉपही आहे, जर्मन रेगे गायक जंटलमनही आहे आणि दोनचार गाणी कमी असती तर बिघडलं नसतं. तरी पूर्ण बँड म्हणून सोजा सर्वांत भरात इथेच आहे.

2014चा 'अमिड द नॉइज अँड हेस्ट' जमैकन-अमेरिकन निर्माता सुपा डप्सने घडवला. डेमियन मार्ली, मायकेल फ्रांटी, अनुहेआ, जे बूग असे पाहुणे आहेत. गुळगुळीत आहे. रेगेची सवय नसलेल्यांना हाच आधी आवडतो, तेव्हा घरच्यांना ऐकवायला हा बरा. 2017चा 'पोएट्री इन मोशन' सावकाश चढतो. 2021चा 'ब्यूटी इन द सायलेन्स' कोविडच्या साथीच्या काळातला, ब्रिटिश बँड यूबी40 आणि रिबेल्यूशन यांच्यासारखे पाहुणे असलेला. तो चांगला आहे, पण बँडची ओळख करून घ्यायला शेवटी ऐका.

मैफल कशी असते हे पाहायचं तर 2016चा 'लाइव्ह इन व्हर्जिनिया'.

2022च्या ग्रॅमीवरून वाद का झाला?

3 एप्रिल 2022ला लास व्हेगासमध्ये सर्वोत्तम रेगे अल्बमचा पुरस्कार 'ब्यूटी इन द सायलेन्स'ला मिळाला. त्याच्यासमोर शॉन पॉल, स्पाइस, जेसी रॉयल, एटाना आणि ग्रॅम्प्स मॉर्गन होते. जमैकाच्या स्वातंत्र्याचं ते साठावं वर्ष. जमैकाबाहेरच्या, मुख्यतः गोऱ्या बँडला पुरस्कार गेल्यावर किंग्स्टनमध्ये नाराजी उसळली. डान्सहॉल गायिका स्पाइस जिंकेल अशी अनेकांची अपेक्षा होती.

राग समजण्यासारखा आहे, पण तो सोजावर काढण्यात अर्थ नाही. ग्रॅमीची मतं रेकॉर्डिंग अकॅडमीचे सदस्य देतात. मुख्य पुरस्कारांखेरीज त्या काळी प्रत्येकाला तीन क्षेत्रांतल्या जास्तीत जास्त दहा विभागांत मत देता येत होतं. रेगे रोज न ऐकणाराही रेगेत मत टाकू शकतो, आणि मग ओळखीचं नाव पुढे जातं. सोजा वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेच्या गावोगावी वाजत होता. 2015 आणि 2017 साली त्याला नामांकन मिळालं होतं, त्यामुळे मतदारांच्या कानावर नाव होतं. जमैकाचे कितीतरी कलाकार व्हिसा आणि दौऱ्याच्या खर्चामुळे तेवढे फिरूच शकत नाहीत. वादाचं मूळ या असमान मैदानात आहे. डान्सहॉल (नाचासाठीचं, यांत्रिक तालावरचं संगीत) आणि रूट्स रेगे (जुन्या वळणाचा, रास्ताफारी विषयांचा) यांना एकाच विभागात कोंबणं ही दुसरी गोची. स्पाइस आणि सोजा यांची तुलना करायची तरी कशाच्या आधारावर?

मग सोजा हा ग्रॅमी मिळवणारा पहिला अमेरिकी रेगे बँड, हे खरं का?

असं छापून आलं आहे, पण जपून वापरा. 2016 साली मॉर्गन हेरिटेजला 'स्ट्रिक्टली रूट्स'साठी हाच पुरस्कार मिळाला होता. डेनरॉय मॉर्गन या जमैकन गायकाची ही मुलं अमेरिकेत जन्मली, मॅसॅच्युसेट्स आणि ब्रुकलिनमध्ये वाढली. त्यांना जमैकन म्हणायचं की अमेरिकी, यावर उत्तर ठरतं.

त्याहून जुना एक दाखला आहे, पुरस्काराचा नाही पण नामांकनाचा, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो : कॅन्सस सिटीचा ब्लू रिदिम बँड. समुद्रापासून शेकडो मैल दूर, अमेरिकेच्या पोटातलं शहर. या बँडने 1982 साली माँटेगो बेमधल्या रेगे सनस्प्लॅश महोत्सवात जमैकन श्रोत्यांपुढे वाजवलं. त्या मैफलीचा 'अलाइव्ह इन जमैका' हा अल्बम पुढे ग्रॅमीच्या नामांकनात पोचला. त्यांचा 1981चा 'रेस्टलेस स्पिरिट' शिकागोच्या फ्लाइंग फिश कंपनीने काढला होता. मिळाला तर सोडू नका.

कॅलिफोर्नियाच्या रेगे बँडांपेक्षा सोजा वेगळा कसा?

कॅलिफोर्नियाची वाट लाँग बीचच्या सबलाइमपासून निघते. पंक, स्का (रेगेच्या आधीची जलद जमैकन शैली), हिप-हॉप आणि रेगे एका भांड्यात. सॅन डिएगोचा स्लाइटली स्टूपिड तिथूनच पुढे गेला. सांता बार्बराजवळच्या आयला व्हिस्टामध्ये 2004 साली सुरू झालेला रिबेल्यूशन मऊ, सुरेल. उत्तरेकडे सोनोमात ग्राउंडेशन, तो मात्र जाझच्या अंगाने जातो. माँटरेत 2010पासून भरणारा कॅलिफोर्निया रूट्स महोत्सव या सगळ्यांचं संमेलन. हवाईची तर स्वतःचीच शाखा आहे, तिला 'जवाइयन' म्हणतात.

सोजाची मुळं सबलाइममध्ये नाहीत. स्टुडिओ रास रेकॉर्ड्सच्या परंपरेचा, विषय राजधानीचे, ताल गो-गोच्या शेजारचा. त्यामुळे त्यांचे जुने अल्बम जड आणि गंभीर आहेत. 2012नंतर अंतर कमी होत गेलं, कारण सगळे एकाच महोत्सवांत वाजवायला लागले.

ब्राझीलमध्ये सोजा इतका लोकप्रिय का?

ब्राझीलमध्ये रेगे आधीपासून घरचा आहे. ईशान्येकडच्या साँ लुईस शहराला तर 'ब्राझिलियन जमैका' म्हणतात. त्यात सोजाने तिथे सातत्याने दौरे केले आणि ओ हाप्पा या रिओच्या बँडच्या गायकासोबत एका गाण्याची आवृत्तीही केली. बाकी नेहमीचंच : जो येतो, तो लोकांचा होतो.

गोऱ्या अमेरिकी मुलांनी रास्ताफारी शब्द वापरावेत का?

रेगेने ब्रिटन, जर्मनी, जपान, आफ्रिका सगळीकडे घर केलं आहे. वाजवण्याला कोणाची हरकत नसावी. प्रश्न श्रेय आणि पैशांचा आहे. ज्यांच्याकडून शिकलो त्यांची नावं घेणं, त्यांना सोबत वाजवायला बोलावणं, खोटा जमैकन उच्चार न काढणं या तीन कसोट्या लावून पाहाव्यात. जेकब बहुतेक गाणी आपल्या स्वतःच्या अमेरिकी उच्चारात गातो आणि आपल्या गावच्या राजकारणावर बोलतो. जुन्या गाण्यांत जाह आणि झायनचा (रास्ताफारींच्या पवित्र भूमीचा) मारा जास्त आहे आणि तो आज थोडा उसना वाटतो. पुढे त्यांनीच तो कमी केला.

आम्हाला सोजाच्या धाटणीचं गाणं बसवायचं आहे. सुरुवात कशी करायची?

आधी मोजणी एकसारखी करून घ्या. 'एक नि दोन नि तीन नि चार नि' असं मोजा, वेग मिनिटाला 140 ते 150 मात्रा. संगणकावर तेच गाणं 70-75 दाखवेल. दोन्ही बरोबर आहे, पण बँडमधल्या सगळ्यांनी एकच मोजणी धरली पाहिजे. अर्धी तालीम याच गोंधळात वाया जाते.

ड्रम. 'वन ड्रॉप'मध्ये किक आणि स्नेअरच्या कडेवरचा ठोका दोन्ही एकत्र तीनवर पडतात. एकवर काहीच नाही. हाय-हॅट चालू, पण 'नि' किंचित उशिरा. नेहमीच्या रॉकपेक्षा स्नेअर घट्ट ताणा, म्हणजे आवाज कोरडा येईल.

गिटार. दोन आणि चारवर, खालच्या दिशेने एकच झटका आणि लगेच डाव्या हाताची पकड सैल. तार दाबलेली सोडायची, हात उचलायचा नाही. सर्वांत बारीक तीन तारा पुरतात. ए मायनरला तिन्हींवर पाचवा फ्रेट. जी मेजरला जाडीकडून बारीककडे 4-3-3. डिस्टॉर्शन (आवाजाचा फाटकेपणा) अजिबात नको, अँपवर बासचं बटण कमी करा.

ऑर्गन. याला 'बबल' म्हणतात आणि नवशिक्या बँडांत हाच गायब असतो. उजवा हात गिटारसोबत दोन आणि चारवर, डावा हात प्रत्येक 'नि'वर, एक आणि तीन रिकामे. म्हणजे डावा-उजवा-डावा, थांबा, डावा-उजवा-डावा, थांबा. आवाज इतका ठेवा की ऑर्गन बंद केल्यावरच तो होता हे कळावं.

बास. फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा, टोनचं बटण जवळपास पूर्ण बंद, छेड मानेजवळ आणि अंगठ्याच्या मांसल भागाने. ओळ गुणगुणता आली पाहिजे, आणि तिच्यात मोकळी जागा हवी. पुष्कळ चांगल्या ओळी एक सोडून 'नि'वर सुरू होतात. बासवाल्याने आपली ओळ पूर्ण गाणंभर बदलू नये. कंटाळा आला तरी.

आधी फक्त ड्रम आणि बास दहा मिनिटं अखंड वाजवा. मग ऑर्गन, मग गिटार. गायकाला सर्वांत शेवटी बोलवा.

सगळं बरोबर वाजवूनही गाणं बसत नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा घाई. गिटारवाला दोन-चारच्या किंचित आधी मारतो, ड्रमर त्याला गाठायला पळतो आणि दोन मिनिटांत 144चं गाणं 152वर जातं. मेट्रोनोम फक्त दोन आणि चारवर वाजेल असा लावा.

तबला-ढोलकीतून आलेल्यांची अडचण वेगळी. कान समेवर वजन शोधतो. इथे वजन तीनवर असतं, त्यामुळे हात नकळत तीनलाच सम धरतो आणि पूर्ण आवर्तन दोन मात्रांनी सरकतं. गिटार दोन-चारवर असल्याने सरकल्याचं कोणाला कळतही नाही. कळतं ते गायक ओळ उचलतो तेव्हा. उपाय साधा : तालमीत एकवर पाय आपटा, हाताने काही वाजवू नका.

तिसरी चूक भराव्याची. प्रत्येक जण रिकामी जागा दिसली की काहीतरी घालतो. रेगेत ती जागा रिकामी ठेवायलाच वाजवणारे बसलेले असतात.

आठ जणांच्या अशा बँडला मंचावर काय लागतं?

ड्रमला 8 चॅनल (किक, स्नेअर, हाय-हॅट, तीन टॉम, वरचे दोन माइक), तालवाद्यांना 4, बासला 2 (एक थेट जोडणी, एक माइक), गिटारला 2, दोन स्टिरिओ कीबोर्डना 4, सॅक्सोफोन-ट्रम्पेटला 2, गाण्याला 4. झाले 26. प्रतिध्वनी आणि रिव्हर्बच्या परतीला आणखी 4. म्हणजे 32 चॅनलचा मिक्सर घ्या, 24वर ओढाताण होते.

किक आणि बास सोडून प्रत्येक चॅनलला 100-120 हर्ट्झच्या खाली कात्री लावा. लहान सभागृहात बासचे एकदोन सूरच दणदणतात आणि बाकीचे हरवतात, कारण भिंतींच्या अंतरानुसार ठरावीक कंपनसंख्या फुगतात. अशा वेळी सब-वूफरचा आवाज सरसकट कमी करू नका. बासवाल्याला एकेक सूर सावकाश वाजवायला सांगा, फुगणारा सूर पकडा आणि इक्वलायझरवर तेवढीच पट्टी 4-6 डेसिबलने खाली आणा. हॉल भरल्यावर पुन्हा तपासा. प्रतिध्वनीचं यंत्र मंचावर न ठेवता ध्वनीवाल्याच्या हाताशी ठेवा, आणि तो माणूस तालमींना आलेला असू द्या. सोजासारख्या संगीतात तो नववा वादक असतो.

भारतात असं संगीत प्रत्यक्ष ऐकायला कुठे मिळेल?

गोव्यात. दिल्लीच्या रेगे राजाज या मंडळींनी 2016 साली गोवा सनस्प्लॅश सुरू केला. जमैका-युरोपचे कलाकार आणि भारतातली साउंड सिस्टिमवाली (मोठ्या स्पीकरांच्या राशीवर रेकॉर्ड वाजवणारी) मंडळी तिथे एकत्र येतात. दिल्लीच्या तरु दालमियाने साथीदारांसोबत उभारलेली बीएफआर साउंड सिस्टिमही माहीत असावी. स्पीकरांची ही रास भारतातच बांधलेली आहे. यांचा ओढा सोजाच्या बँड परंपरेपेक्षा जमैकाच्या साउंड सिस्टिमकडे जास्त आहे, हे लक्षात ठेवून जा.

मोबाइलवर ऐकलं तर ही गाणी पोकळ का वाटतात?

बासच्या सर्वांत जाड तारेचा मूळ सूर सुमारे 41 हर्ट्झ, पाच तारांच्या बासचा 31. मोबाइलचा चिमुकला स्पीकर त्याच्या आसपासही पोचत नाही. गाण्याचा कणाच गळून पडतो आणि उरते गिटारची किचकिच. कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावा किंवा सब-वूफर असलेला संच घ्या. ब्लूटूथच्या छोट्या डब्यावर 'बास बूस्ट' चालू केलात तर 100 हर्ट्झच्या आसपासचं सगळं फुगेल आणि खालचं तरीही येणार नाही. तो बंदच ठेवा. 'डब इन अ टाइम ऑफ वॉर' तर चांगल्या स्पीकरशिवाय लावूच नका.